उलट्या पायांची परी

मामाला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खोटं वाटेल, पण खरंच सांगते. जेवायला पाटावर टेकायचा, दोन घास पोटात गेले की ताट हातात घेऊन उठायचा आणि अंगणात फेऱ्या घालत जेवायचा. वरण सांडायचं, कोंबड्या मागे लागायच्या आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, पाटाला काटे हायेत का रे?" तो म्हणायचा, "ताई, बसलं की मला आजारी पडल्यागत वाटतंय बघ." आईपेक्षा तो बराच लहान, तिच्याच कडेवर वाढलेला. त्यामुळे आम्ही भाचरंसुद्धा त्याला अरेतुरेच करायचो. गावानं त्याचं नाव पाडलं होतं भिंगरी मामा. पोराथोरांपासून कचेरीतल्या लोकांपर्यंत सगळे त्याला त्याच नावानं ओळखायचे.

नांदेडला तो आमच्याकडेच राहायचा. राहायचा म्हणजे काय, त्याची पत्र्याची पेटी राहायची. तो आज उमरीला, उद्या लोह्याला, परवा आणखी कुठं. एकदा सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडला तो चार दिवसांनी उगवला. इस्लापूरच्या बाजूला धबधबा बघायला गेला होता. आईनं विचारलं, "अन् दूध?" तर म्हणाला, "तेच सांगून राहिलो ना ताई, वरून दूधच पडून राहिलं." आई हसली नाही. मी हसले म्हणून मलाही बोलणी बसली.

त्याचं काम रंगाचं. तरुणपणी हैदराबादला एका नाटक कंपनीत तो पडदे रंगवायला शिकला होता. ढगातले महाल, उडते घोडे, पंखवाल्या पऱ्या, अर्धी बाई नि अर्धा मोर. कंपनी बुडाली, मामा परत आला, पण त्या पऱ्या काही त्याच्या हातातून गेल्या नाहीत. कापडवाल्याच्या दुकानाची पाटी करायला दिली, वर उर्दूत नाव, खाली मराठीत, तर मामानं कोपऱ्यात पंखांचं हरीण काढून ठेवलं. कापडवाला कावला, "मी काय हरणं विकतो का?" मामा रस्त्यावर येरझारा घालत म्हणाला, "शेठ, लोक थांबून बघून राहिले का न्हाई? मग विका आता काय विकायचं ते." पैसे मात्र त्याला त्या पाटीचे अर्धेच मिळाले आणि त्याची त्याला फिकीरही नव्हती.

पण मामाची खरी गंमत रंगवण्यात नव्हती, बघण्यात होती. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीकडे. चित्र दिसलं की त्याच्यासमोर इकडून तिकडे चालायला लागायचा. मान वाकडी, हात पाठीमागे. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हिचा जीव कुठं लागलाय?" चित्रात काय आहे ते कुणीही सांगेल म्हणायचा, पण त्यातल्या माणसाचा जीव कुठं लागलाय ते शोधा. एकदा ते सापडलं की पंख कशाला, शेपूट कशाला, सगळं आपोआप उलगडतं.

आमच्या आळीतल्या वकिलांनी हैदराबादहून एक मोठं चित्र आणलं होतं. समुद्रातल्या खडकावर बसलेली अर्धी मासळी, अर्धी बाई, केस विंचरत असलेली. वकीलसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. मामा त्याच्यापुढे चांगला वेळ फिरला आणि म्हणाला, "ही विंचरून न्हाई राहिली, साहेब. केसात एक गुंता न्हाई, तरी कंगवा थांबलाय. कुणीतरी येतो म्हणून गेलंय अन् आलं न्हाई. हिला पाणी सोडवत न्हाई अन् जमिनीवर चालता येत न्हाई. मागचं आभाळ बघा, सकाळचं हाय का संध्याकाळचं? तिलाबी कळून न्हाई राहिलं." वकीलसाहेब म्हणाले, "अरे बाबा, मी तर चौकट चांगली म्हणून घेतलं." सगळे हसले. वकिलीणबाई मात्र चहाचे कप तसेच ठेवून आत निघून गेल्या. पुढे ते चित्र दिवाणखान्यातून हललं आणि माजघरात वकिलीणबाईंच्या बसायच्या जागेसमोर लागलं. का, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

रंग तयार करताना तरी तो जागेवर असेल असं वाटेल. छे! खलबत्ता काखेत धरून फिरत फिरत घोटायचा. जवसाचं तेल कढवलं की सगळ्या घरभर वास. आई नाक मुरडायची, तर तो तिला समजावून सांगायचा, "रंगाला धरून ठेवणारं कुणीतरी लागतंय, ताई. तेल पाजलं तर जन्मभर राहतो. घाई असली तर डिंक घालावा. दोन्ही न्हाई घातलं तर पावसासंगं चालला निघून." आई म्हणायची, "तुलाबी कुणीतरी धरून ठेवणारी बघते आता." मग मामा तेल तसंच चुलीवर टाकून पसार व्हायचा. लग्नाचा विषय काढला की तो हमखास दोन दिवस घरी यायचा नाही.

माझं लग्न ठरलं ते निजामाच्या राज्याच्या शेवटच्या दिवसांत. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. दिवेलागणीला दारं बंद. कोण संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेलं, कोण परत आलं नाही, याची कुजबुज. घरात मुलगी असली की आईबापाला घास गोड लागायचा नाही. आधी एक स्थळ बोलणी होऊन फिसकटलं होतं. दुसरं आलं ते लातूरचं, मोंढ्यात धान्याचं आडत दुकान असलेलं घर. चहा द्यायला गेले तेव्हा मी मुलाकडे पाहिलं आणि त्यानं माझ्याकडे. कप बशीत हिंदकळला तो त्याच्या हातातला, माझ्या नाही. तेवढ्यावरच मी मनातून लातूरला जाऊन पोचले होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुहूर्त जवळचा धरला. रस्ते कधी बंद होतील याचा नेम नव्हता.

आमच्याकडे लग्नघराची पुढची भिंत रंगवतात. दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, भालदार, मोर, वर गणपती. भिंत एकदा रंगली की लग्न लागेपर्यंत तिच्यावर चुन्याचा हात फिरवायचा नसतो, अशुभ मानतात. अण्णांनी मामाला बजावलं, "हत्ती काढ, भालदार काढ. तुझ्या पऱ्या नकोत." मामा मान डोलावून म्हणाला, "हाव." आणि हत्ती काढलेही त्यानं, सोंडेत माळा वगैरे. पण डावीकडच्या भालदाराची जागा मोकळी ठेवली आणि एक दिवस भल्या सकाळी तिथं परी उभी केली.

मी अजून डोळे मिटले की ती दिसते. पुरुषभर उंच. हिरवं नऊवारी लुगडं, पाठीला निळे पंख, मिटलेलेही नाहीत नि उघडलेलेही नाहीत. पायाखाली नदी आणि नदीत चांदण्या. आजूबाजूला मासे, पण ते पाण्यात नाहीत, हवेत उडताहेत. ती समोरच्या ढगातल्या एका दाराकडे निघालेली, म्हणून तिची पाठ आपल्याकडे. हातात दिवा आणि दिव्याची ज्योत मागे, आपल्याकडे झुकलेली. मान तेवढी वळवून ती मागे बघत होती. टाचांना आळता लावलेला, ताजा, ओला वाटावा असा. त्या चित्रात एक वस्तू जागेवर नव्हती. बघता बघता आपणच पाय बदलून उभे राहतोय असं व्हायचं.

आळी लोटली बघायला. गुरुजी म्हणाले, लक्ष्मी आहे. शेजारच्या बडीबी म्हणाल्या, "लक्ष्मी कायकू? परी है ना जी ये. बिचारी घर भूल गई." आई म्हणाली, "काही का असंना, मासे कशाला रे हवेत?" मामा म्हणाला, "निघायच्या दिवशी सगळंच उलटंपालटं दिसतंय, ताई. तू निघाली होतीस तवा तुला न्हाई दिसलं?" आई पदरानं हात पुसत आत गेली. अण्णा रागावले होते, पण पुसायची सोय नव्हती. एक बरं झालं, लोक कौतुक करत होते.

लातूरची माणसं लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आली, मोटारीनं. जानवसा जवळच होता. नवरदेवाला हळद लागली आणि उरलेली, उष्टी हळद घेऊन त्यांच्या बायका वाजतगाजत आमच्या दारी आल्या. पुढे नवरदेवाची आत्या. सगळं घर त्यांचं आत्याबाईंच्या धाकात. हळदीचं ताट त्यांच्याच हातात. मी आत पाटावर बसलेली, रस्त्यावरून सनई ऐकू येत होती. ती दारापाशी आली आणि एकदम थांबली.

"अगं बाई!" बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला. "पाय बघा हिचे. तोंड इकडं अन् टाचाबी इकडंच! ही कुठली परी? हडळ हाय ही. लग्नाच्या दारावर हडळ काढून ठेवलीत?"

झालं! ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि आता बघावं तर दुसरं काही दिसेना. उलट्या पायांची बाई म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आत्याबाई ताट घेऊन तशाच उंबऱ्याबाहेर उभ्या. हळद काही आत येईना. अण्णा हात जोडून पुढे, टोपी हातात. आत्याबाई म्हणाल्या, "या दारातून आमची सून निघणार न्हाई. चुना तर मारता यायचा न्हाई. एक तर पाय फिरवा, न्हाई तर तोंड. तवर हळद जानवशातच राहील." ताट झाकून वऱ्हाडाच्या बायका आल्या पावली परत गेल्या.

मी पाटावरच होते. मला काय वाटलं म्हणून सांगू? एक स्थळ आधीच गेलेलं. हेही दारातून फिरलं तर त्या दिवसांत तिसरं कुठून येणार होतं? आणि मला तिसरं नकोच होतं. मला तोच हवा होता, कप सांडणारा.

अण्णा मामावर कडाडले. जन्मात एवढं बोलले नसतील. मामा अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फिरत होता. मग तसाच तरातरा जानवशावर गेला. पुढचं मला माझ्या नवऱ्यानं सांगितलं, तो तिथंच होता. मामा आत्याबाईंसमोर येरझारा घालत म्हणाला, "मावशी, सासरी निघालेली पोर बघितलीत का कधी? पाय पुढं चालतेत अन् जीव मागं. तोंड अन् पाय एका दिशेला कसे राहतील? ती हडळ न्हाई हो. वाऱ्यानं दिवासुद्धा माहेराकडं झुकलाय, तेवढं तरी बघा." आत्याबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "खरं असंल तुझं, बाबा. आम्हीबी तशाच आलोत. पण कुणी भिंतीवर काढलं न्हाई. पोरीला पहिल्याच दिवशी ते दाखवू नये."

मामा तसाच मागे फिरला. मला वाटतं, भिंतीवरचं चित्र त्याच्याइतकंच कुणी वाचलं असेल तर ते आत्याबाईंनी.

तो परत आला तो मागच्या दारानं, माझ्याकडे. "यमे," म्हणाला, "पाय फिरवता येत न्हाईत. पाय फिरवले तर ती घरात येऊन राहील, अन् तुला तर जायचंय." मी मान हलवली. "मग तोंड फिरवू का तुझं?"

माझं? मग लक्षात आलं. तो नाकाचा बसका शेंडा, हनुवटीवरचा तीळ. इतके दिवस सगळी आळी बघून गेली, लक्ष्मी म्हणाली, परी म्हणाली, आणि ते तोंड माझं होतं हे मलाही कळलं नव्हतं. माझा हात आपसूक हनुवटीवर गेला. पण मी म्हणाले, "फिरव, मामा." मला त्याची खंत नाही. लग्न मोडून भिंत राखायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. मामानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर अगदी स्थिर उभा राहिला आणि गेला.

काजळी पाण्यात कालवून त्यानं त्या तोंडावर केस काढले, भरघोस अंबाडा, वर शेवंतीची वेणी. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. पहिल्यांदा रंग ओघळला, जसे काही डोळ्यांतून काळे ओघळ गेले. मामानं ते बोटानं पुसले, पुन्हा लावला, तेव्हा बसला. आता ती परी सरळ चालली होती. मागे वळून बघणं नाही, काही नाही. दुपारी आत्याबाई आल्या, भिंतीकडे बघितलं, "झाक झालं" म्हणाल्या आणि हळद आत आली.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. मामा मोटारीच्या बाजूनं चालत होता, मोटार हळू होती तोवर. मी मागे वळायला लागले तर खिडकीत हात घालून त्यानं माझी मान पुढे केली. "पुढं बघ, यमे. मागचं मी बघून घेतो." मग लोह्याचा रस्ता आला, मोटारीनं वेग घेतला आणि धुळीत तो दिसेनासा झाला. इतक्या वेगानं चालणारा माणूस, पण त्या दिवशी मागे पडला.

त्यानंतर मी लवकर माहेरी आलेच नाही. पहिली दिवाळी नाही, संक्रांत नाही. रस्ते धोक्याचे, मोटारी बंद. नांदेडहून कुणी आलंच तर उभ्याउभ्या चार शब्द सांगून जायचं. असंच एकदा कळलं की मामा घर सोडून गेला. सरहद्दीपलीकडे गेला म्हणे. कुणी म्हणालं, तिकडे एका छावणीत पाट्या रंगवतो. कुणी म्हणालं, बैलगाडीच्या अड्ड्यावर दिसला, फिरत होता. त्याचं फिरणं आम्हाला नवं नव्हतं, येईल म्हणालो. मी कप सांडणाऱ्याच्या संसारात पडले होते. चांगला होता हो माझा नवरा. पण संध्याकाळी सगळी आवराआवर झाली की जिवाची घालमेल व्हायची, पाय उगाच अंगणात जायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्याबाई एकदा म्हणाल्या, "मामावर गेलीस गं, बाई." रागानं नाही म्हणाल्या.

निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, तेव्हा मी माहेरी निघाले. मुलगा कडेवर आणि सोबतीला आत्याबाई. आळीत शिरलो नि मी लांबूनच घराकडे बघितलं. हत्ती होते. हिरवं लुगडं होतं, पंख होते. आणि तोंड होतं. माझं तोंड, तिळासकट, थेट रस्त्याकडे बघत होतं. अंबाडा नाही, शेवंती नाही. पावसानं सगळी काजळी धुऊन नेली होती, खाली एक काळसर ओघळ तेवढा राहिला होता.

आत्याबाई आता काय म्हणतात! त्यांनी बघितलं, तोंडाकडे, मग टाचांकडे, मग माझ्याकडे. पदर सारखा केला नि म्हणाल्या, "चल आत. पोराला ऊन लागून राहिलं."

आई दारात होती. गळ्यात पडून झालं, रडून झालं. मग मी म्हणाले, "मामानं घाईघाईत रंगवलं, म्हणून पाण्यानं गेलं."

"घाई?" आई म्हणाली. "तेल वाळायला वेळ न्हाई म्हणून मीच डिंक भिजवून नेऊन दिला होता त्याला. तसाच परत आणून दिला. म्हणाला, राहू दे ताई, लाडवात घाल."

ती उठली, फडताळाचं दार उघडलं आणि एक पितळी वाटी काढून माझ्यापुढे ठेवली. डिंक तळाला वाळून काचेसारखा झाला होता. मी विचारलं, "अगं, मग लाडू नाही केलेस?"

आईनं वाटी पदरानं पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"आला की लागंल त्याला," ती म्हणाली.